आतला घोडा: कोल्ट .32 वर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंदूरच्या बिजासन रोडवरच्या बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) शस्त्र प्रशालेवर लेख होता. त्यात भगतसिंगांच्या पिस्तुलाचा जेमतेम चार ओळींचा उल्लेख होता, पण पत्रं आली ती बहुतेक त्याच चार ओळींवर. म्हणून या वेळचं सदर त्या एकाच पिस्तुलासाठी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त ठिकाण दिलं आहे, कारण काहींनी घरातल्या शस्त्राबद्दल लिहिलं आहे.

भगतसिंगांचं पिस्तूल खरंच इंदूरमध्ये होतं का? कुणी त्याला ब्राउनिंग म्हणतं, कुणी कोल्ट. नेमकं काय? (टिळकनगर)

दोन्ही बरोबर आहे. आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंगचा आणि कारखाना अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीचा. ब्राउनिंग हा युटा प्रांतातला, बंदुका बनवणाऱ्या घरातला माणूस. त्याने अमेरिकेसाठी कोल्टशी आणि युरोपसाठी बेल्जियमच्या एफएन कारखान्याशी करार केले होते. त्यामुळे एकाच डोक्यातून निघालेली पिस्तुलं समुद्राच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. आपण बोलतोय त्या पिस्तुलाचंही एक थोरलं भावंड एफएनने 1903 मध्येच काढलं. ते आकाराने मोठं आणि 9 मिलिमीटरच्या लांब काडतुसाचं होतं.

17 डिसेंबर 1928 ला लाहोरमध्ये ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी राजगुरूंनी झाडली आणि त्यानंतर भगतसिंगांनी. भगतसिंगांच्या हातातलं शस्त्र म्हणजे .32 बोरचं (आकडा नळीच्या मापाचा, इंचात) कोल्ट ऑटोमॅटिक, क्रमांक 168896. खटल्यानंतर ते पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत गेलं आणि तिथून बऱ्याच वर्षांनी इतर शस्त्रांबरोबर इंदूरला आलं. गंज लागू नये म्हणून इथल्या शस्त्रांना काळा रंग दिलेला होता, त्यामुळे नंबर रंगाखाली दबला. रंग काढून नंबर वाचला गेला आणि जुन्या कागदांशी जुळला, तेव्हा कुठे काचेआड काय ठेवलं होतं ते कळलं. 2017 मध्ये हे पिस्तूल पंजाबात हुसैनीवाला इथल्या संग्रहालयात हलवलं गेलं, तेव्हा बिजासन रोडला जाऊन ते बघायला मिळणार नाही.

मॉडेलबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही. त्या काळात कोल्टची इतर खिशातली ऑटोमॅटिक पिस्तुलं .25, .38 किंवा .380 ची होती. .32 ऑटोमॅटिकचं काडतूस घेणारं पिस्तूल त्यांनी एकच काढलं, ते म्हणजे 1903 चं ‘पॉकेट हॅमरलेस’. 1903 पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ते बनत राहिलं आणि साडेपाच लाखांच्या वर नग बाहेर पडले. इतका खप असल्यामुळेच ते जगभर पसरलं. अमेरिकन सैन्याने आपल्या जनरलना हेच दिलं, आणि तिथल्या गुंडांच्या खिशातही हेच सापडायचं.

अलाहाबादला चंद्रशेखर आझादांकडे होतं ते हेच का? (अलीराजपूर)

हो, हेच मॉडेल, पण नग वेगळा. ते प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. आझादांचं जन्मगाव भाबरा तुमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तुमचं कुतूहल समजू शकतो.

नाव ‘हॅमरलेस’, म्हणजे घोडा नसलेलं. मग काडतुसाच्या टोपीवर (दारू पेटवणाऱ्या मागच्या भागावर) ठोका बसतो कसा? आणि गोळी सुटल्यावर पुढची आपोआप कशी चढते? जरा सविस्तर सांगा. (रामबाग)

घोडा, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारी हातोडी, आहे; फक्त बाहेरून दिसत नाही. स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचं, मागचं टोक घोड्याला पूर्ण झाकतं. कोट किंवा सदऱ्याच्या खिशातून काढताना घोड्याचं बोंड कापडात अडकू नये, एवढ्यासाठी ही रचना. नाव विकायला सोपं पडलं म्हणून तेच राहिलं. याचा व्यवहारातला तोटा मोठा आहे: घोडा ताणलेला आहे की पडलेला, हे बघून कळत नाही.

आता आतली हालचाल. नळी फ्रेमला, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्याला, घट्ट बसलेली असते. तिच्या मागच्या टोकाखाली आडव्या कड्या आहेत आणि त्या फ्रेममधल्या खाचांत बसतात. गोळी सुटताना नळी हलत नाही, हलते ती स्लाइड. नळीच्या खाली, फ्रेमच्या बोगद्यात रिकॉइल स्प्रिंग आहे. ती स्लाइडला सतत पुढे ढकलून ठेवते. चाप ओढला की त्याला जोडलेली आडवी पट्टी मागे जाऊन सिअर नावाचा अडसर सोडवते, घोडा पुढे पडतो आणि फायरिंग पिनवर आपटतो. पिन टोपीवर बसते आणि दारू पेटते.

वायू गोळीला पुढे लोटतो तसाच पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाला, मागे लोटतो. पुंगळीच्या मागे स्लाइडची सपाट भिंत आहे, कुठलीही कडी किंवा कुलूप नाही. स्लाइडला मागे जाण्यापासून रोखतं ते फक्त तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग. गोळी साधारण साडेचार ग्रॅमची. स्लाइड 300 ग्रॅमच्या आसपास धरली, तर गोळी नळीतलं साधारण आठ सेंटिमीटर अंतर कापून बाहेर पडेपर्यंत स्लाइड जेमतेम एक-दीड मिलिमीटर सरकते. तेवढ्यात पुंगळीची जाड मागची बाजू चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीतच, असते आणि वायू पसार झालेला असतो. मग उरलेल्या वेगाने स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीला कडेने धरून ओढते, इजेक्टर तिला स्लाइडमधल्या खिडकीतून बाहेर फेकतो, आणि त्याच फेरीत स्लाइड घोड्याला दाबून ताणते. परतताना स्लाइड मुठीतल्या मॅगझीनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) तोंडावरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये घालते.

एवढं सगळं झालं तरी चाप अजून दाबलेलाच आहे. मग दुसरी गोळी लगेच का सुटत नाही? तिथे डिस्कनेक्टर नावाचा छोटा तुकडा काम करतो. स्लाइड मागे गेली की तो चापाच्या पट्टीचा आणि सिअरचा संबंध तोडतो. बोट सोडून चाप पुढे आल्याशिवाय तो पुन्हा जुळत नाही. म्हणून दर ओढीला एकच गोळी.

सुरक्षेसाठी दोन गोष्टी आहेत. मुठीच्या मागे दाबली जाणारी पट्टी, म्हणजे ग्रिप सेफ्टी. मूठ नीट धरल्याशिवाय सिअर हलत नाही. दुसरी डाव्या बाजूची, अंगठ्याखालची कळ. वर केली की ती स्लाइडच्या खाचेत शिरते आणि सिअरही अडवते. ही कळ घोडा ताणलेला असेल तरच वर जाते. कळ वर जातेय म्हणजे आतला घोडा ताणलेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे; पण पिस्तूल रिकामं आहे की भरलेलं, हे कळ सांगत नाही. आजच्या पिस्तुलांत फायरिंग पिनला स्वतंत्र अडथळा असतो, तो यात नाही. शिवाय शेवटची गोळी संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नाही, मुकाट बंद होते. भरलेलं आणि रिकामं पिस्तूल बाहेरून अगदी सारखं दिसतं. हे डिझाइन आम्हाला कितीही आवडत असलं, तरी ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

ब्राउनिंगनेच 1911 च्या .45 ला नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारं कुलूप दिलं. मग याला का नाही? पैसे वाचवले का? (महू)

गरज नव्हती. .32 ची गोळी 4.6 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 275 मीटरच्या आसपास. .45 ची गोळी जवळजवळ 15 ग्रॅमची, वेग 250 मीटरचा. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर .45 चा धक्का तिप्पट भरतो. निव्वळ वजनाने तो रोखायचा तर स्लाइडही तिप्पट जड करावी लागेल किंवा स्प्रिंग इतकी कडक करावी लागेल की हाताने मागे ओढताच येणार नाही. कुलूप नाही म्हणजे भाग कमी, नळी स्थिर, आणि म्हणून या छोट्या पिस्तुलाची अचूकता त्याच्या आकाराच्या मानाने चांगली. रिकामं असताना वजन फक्त 680 ग्रॅमच्या आसपास, मॅगझीनमध्ये आठ काडतुसं. .380 चं भावंड 1908 मध्ये आलं. त्यात सात बसतात. बाकी रचना तीच.

आजोबांच्या पिस्तुलावर ‘पेटंटेड एप्रिल 20, 1897’ कोरलं आहे. म्हणजे ते 1897 चं आहे ना? (नारायणबाग)

नाही. ती पेटंटची तारीख आहे, बनवल्याची नव्हे. त्याच ओळीत पुढे 22 डिसेंबर 1903 ही दुसरी तारीखही असेल. 1903 च्या आधी हे मॉडेलच नव्हतं, त्यामुळे घरातल्या कागदांत ‘1897 चं पिस्तूल’ लिहिलं असेल तर ती नोंद तपासून घ्या.

साल आणि प्रकार कळतो तो नंबरवरून. नंबर फ्रेमच्या डाव्या बाजूला, चापाच्या वरच्या भागात पुढे असतो. 72 हजारांच्या आतला असेल तर पहिला प्रकार: नळी 4 इंची आणि तिच्या तोंडाशी वेगळी बुशिंग, म्हणजे नळीला आधार देणारं कडं. त्यानंतर 1908 मध्ये नळी पाव इंचाने आखूड होऊन पावणेचार इंच झाली, बुशिंग तशीच राहिली. हा दुसरा प्रकार, साधारण 1 लाख 5 हजारांपर्यंत. 1910 पासून बुशिंगच काढून टाकली, नळीचं तोंड थेट स्लाइडमध्ये टेकतं. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त बनला, 1926 पर्यंत, सुमारे 4 लाख 68 हजारांपर्यंत. भगतसिंगांच्या पिस्तुलाचा नंबर याच पट्ट्यात पडतो. चौथ्या प्रकारात मॅगझीन काढलं की चाप चालू नये अशी सेफ्टी वाढवली. अमेरिकन सैन्यासाठी बनलेले नग पुढचे. त्यांच्यावर सरकारी मालकीचा शिक्का असतो.

मुठीच्या पट्ट्याही थोडं सांगतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. आधीच्या काळात काळ्या कडक रबराच्या, नंतर चौकटी कोरलेल्या अक्रोड लाकडाच्या. त्या बदलणं सोपं असल्यामुळे शंभर वर्षांत बदललेल्या असण्याची शक्यता भरपूर.

स्लाइडवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलं आहे. ऑटोमॅटिक शस्त्र बाळगायला तर बंदी आहे! (सुदामानगर)

घाबरू नका. त्या काळी ‘ऑटोमॅटिक’चा अर्थ एवढाच, की पुढचं काडतूस आपोआप चढतं. दर गोळीला चाप वेगळा ओढावा लागतो. कायद्यात प्रतिबंधित आहे ते चाप दाबून धरला की सलग गोळ्या सोडणारं शस्त्र. जुन्या नगांवर त्याच ओळीत ‘रिमलेस’ही कोरलेलं असतं आणि तेही पूर्ण खरं नाही. .32 च्या पुंगळीला थोडी बाहेर आलेली कड आहे. पुढच्या पत्राचं उत्तर त्या कडेतच आहे.

पिस्तूल लायसेन्सवर आहे, वर्षातून एकदा रेंजवर नेतो. कधी दुसरं काडतूस चढतच नाही, कधी पुंगळी खिडकीत उभी अडकते. दुकानदार म्हणतो, ‘जुनं झालं, विकून टाका.’ (देवास)

विकण्याआधी तीन जागा बघा.

काडतूस चढत नसेल तर आधी मॅगझीन. .32 ची कड पुंगळीच्या अंगापेक्षा थोडी बाहेर आहे. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लाइड वरच्याला ढकलते, ते खालच्याला ओढतं, आणि सगळं जागीच थांबतं. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीपर्यंत पूर्ण सरकवा आणि प्रत्येक वेळी वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आहे ना, ते बघा. आखूड गोळीची काडतुसं वापरली तर हा त्रास वाढतो, कारण मॅगझीनमध्ये पुढे-मागे हलायला जागा उरते. मूळ 71 ग्रेनची (4.6 ग्रॅमची), पूर्ण धातूच्या जॅकेटची, गोल टोकाची काडतुसं घ्या. हे पिस्तूल त्यांच्यासाठीच बनलं आहे.

मॅगझीनचे ओठ वाकलेले असतील तर काडतूस एक तर वर उडतं किंवा खाली घसरतं. ओठ पकडीने सरळ करायचा मोह होतो, पण जुनं स्टील तडकतं. त्याच मॉडेलचं दुसरं मॅगझीन मिळवून तुलना करा. मिळत नसेल तर दुरुस्तीचं लायसेन्स असलेल्या कारागिराकडे द्या. मॅगझीनची पकड मुठीच्या तळाशी, टाचेकडे आहे. तिचा काठ झिजला की मॅगझीन एखाद-दुसरा मिलिमीटर खाली लोंबतं आणि स्लाइड काडतुसावरून निघून जाते. मॅगझीन आत ढकलल्यावर तळाशी हलतं का, हे बोटाने बघा.

पुंगळी खिडकीत उभी राहते तेव्हा संशय दोघांवर: एक्स्ट्रॅक्टरची नखी आणि रिकॉइल स्प्रिंग. नखीखाली घट्ट झालेलं तेल आणि दारूची काजळी साठली की ती कडेला पूर्ण धरत नाही. काडी आणि स्वच्छ तेलाने ती मोकळी करा. टोक तुटलेलं असेल तर मात्र नवीनच हवी. स्प्रिंग शंभर वर्षं दबलेली असेल तर ती थकते आणि स्लाइड जास्त वेगाने मागे आपटते. त्याची खूण म्हणजे फ्रेमवर, स्लाइड थांबते त्या जागी, ताजा चकचकीत ठोका. तसा दिसला तर स्प्रिंग बदलेपर्यंत एकही गोळी झाडू नका, फ्रेमला तडा जाऊ शकतो. त्या जागी नवी स्प्रिंग टाकण्याचा खर्च किरकोळ असतो, तडकलेल्या फ्रेमला उपाय नाही.

‘जुनं झालं’ हे निदान नव्हे.

.32 ची काडतुसं मागितली तर दुकानात दोन तऱ्हेची दाखवतात. कोणती? (खंडवा)

‘.32 बोर’ एवढं म्हणून भागत नाही. आपल्याकडे .32 रिव्हॉल्व्हर जास्त आहेत. त्यांचं काडतूस 7.65 बाय 23 मिलिमीटरचं, पुंगळीला ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं 7.65 बाय 17, पूर्ण लांबी साधारण 25 मिलिमीटर. लायसेन्सवरही ‘पिस्तूल’ लिहिलं आहे का बघा आणि पेटी हातात घेऊन 17 चा आकडा वाचा. रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये बसत नाही. उलट चूक जास्त त्रासाची: पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात शिरू शकतं, आणि तसं ते कधीही वापरू नये.

पावसाळ्यात पिस्तुलावर तांबूस डाग आले. सराफ्यातल्या पॉलिशवाल्याकडून चकाचक करून, नवीन काळं ब्लूइंग (स्टीलवरचा गंजरोधक थर) करून घ्यावं म्हणतो. (पागनीसपागा)

कृपा करून नको. बफिंगच्या चाकाने पहिल्यांदा पुसली जाते ती कडांची धार, मग कोरीव अक्षरं, आणि मग नंबर. नंबर पुसट झाला तर फक्त किंमत जात नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखखूण काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. चकचकीत निकेल किंवा गडद काळा रंग चढवलेला, गोल झालेल्या अक्षरांचा कोल्ट जाणकाराला दुरूनच कळतो. झिजलेल्या, करड्या झालेल्या मूळ ब्लूइंगला त्याहून जास्त मान आहे.

आधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळीचं टोकही घालून बघा. क्रम उलटा करायचा नाही. आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर स्लाइडने वरचं काडतूस चेंबरमध्ये घातलेलं असतं. त्यानंतर काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

खोलायचं असेल तर स्लाइडच्या उजव्या बाजूला, तोंडाजवळ एक खूण कोरलेली आहे. ती खूण फ्रेमच्या पुढच्या काठाशी येईपर्यंत स्लाइड मागे ओढून धरायची आणि नळी फिरवायची. नळीखालच्या कड्या फ्रेमच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड नळीसकट पुढे निघते. रिकॉइल स्प्रिंग दबलेली असते, तिला हाताने धरून सावकाश सोडा. नळी फिरत नसेल तर खूण नीट जुळलेली नाही. पकड लावू नका, स्लाइड केसभर पुढे-मागे करून बघा. याहून आत जायची गरज नाही. घोडा, सिअर आणि पट्टीची मेनस्प्रिंग कारागिराची कामं आहेत. त्या पट्ट्या एकदा चुकीच्या बसल्या की चाप हलका होतो किंवा ग्रिप सेफ्टी निकामी होते.

तांबूस डागांवर बंदुकीचं तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी जाड सुती कापडाने पुसा. डाग राहिला तर अगदी बारीक, 0000 नंबरची स्टील वुल तेलात भिजवून, बोटाच्या टोकाएवढ्या भागावर हलक्या हाताने. कोरड्या वुलने एक फेरासुद्धा नाही, आणि ब्लूइंगचा निळसर रंग कापडावर उतरताना दिसला की तिथेच थांबा. अक्षरांत आणि नंबरात वुल नकोच, तिथे मऊ ब्रश. नंबरावर कुणी रंग फासला असेल तर पात्याने खरवडू नका. थिनरमध्ये बुडवलेला कापूस काही मिनिटं टेकवून ठेवला की रंग सुटतो. कडक रबराच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या त्याआधी काढून घ्या, पण स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारा स्क्रूड्रायव्हर असेल तरच.

नळीच्या आतल्या गंजाचं कारण बहुतेकदा पाऊस नसतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून जे उरतं ते मीठच, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. केरोसीन किंवा पेट्रोलमध्ये मीठ विरघळत नाही, त्यामुळे त्यांनी धुतलेली नळी दिसायला स्वच्छ आणि आठवड्यात तांबडी. जुनी काडतुसं कधी झाडली गेली असतील तर नळी वेगळी काढून कडकडीत पाण्याने धुवा. गरम नळी आपोआप कोरडी होते. मग ब्रास ब्रश, कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची एक चिंधी. तेल एवढंच, की बोटाला ओशट लागावं. भरपूर तेल सोडलं तर ते मुठीत उतरतं, धुळीबरोबर घट्ट होतं आणि पुढच्या वर्षी देवासच्या वाचकांसारखं पत्र लिहावं लागतं.

आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं स्टीलला खातात, आणि बाहेरून काही दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपाच्या पेटीत ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा.

आजोबांचं लायसेन्स होतं. ते गेले. पिस्तूल कपाटात आहे, पंचवीस-तीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, चालतही नसावं. पुराणवस्तू म्हणून तसंच ठेवता येईल का? (राजवाड्याजवळ)

नाही, आणि आज या सदरातलं सर्वांत तातडीचं पत्र तुमचं आहे. पुराणवस्तूला सूट आहे ती शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये, पण अट अशी, की दुरुस्ती करूनसुद्धा ते शस्त्र म्हणून वापरता येऊ नये. तुमचं कोल्ट एक स्प्रिंग बदलली की बहुधा चालू लागेल. ‘चालत नसावं’ एवढ्याने सूट मिळत नाही, वय शंभर वर्षं असलं तरी.

लायसेन्सधारक गेल्यावर शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसेन्स असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. इतक्या वर्षांच्या उशिरानंतर स्वतः पिशवीत घालून निघू नका. आधी वकिलाशी बोला आणि ठाण्यात लेखी कळवून कसं आणायचं ते विचारा. पावतीवर कंपनीचं नाव, बोर आणि नंबर तिथल्या तिथे वाचून घ्या. एक आकडा चुकला तरी पुढे महिनोन् महिने अडतं.

ठेवायचंच असेल तर वारसाच्या नावाने लायसेन्स मागता येतं. 2016 च्या शस्त्र नियमांत त्याची स्वतंत्र तरतूद आहे. मृत्यूचा दाखला, जुनं लायसेन्स, जमा केल्याची पावती, इतर वारसांची लेखी ना-हरकत आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तयार ठेवा. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत आणि वारशाने आलेलंही त्यातच मोजलं जातं. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर भाऊ किंवा बहिणीच्या नावाने अर्ज करा. लायसेन्सधारक हयात असताना हे काम सोपं जातं: वय 70 झालं किंवा शस्त्र 25 वर्षं जवळ असलं, की त्यांना वारसाच्या नावाने ते करून देता येतं. हे वाचणाऱ्या इतर घरांनी याची नोंद घ्यावी.

आत काडतूस आहे की नाही हे माहीत नसेल तर तुम्ही स्वतः तपासायला जाऊ नका. या पिस्तुलात ते बाहेरून कळत नाही. ठाण्याला कळवताना ‘भरलेलं असू शकतं’ असं स्पष्ट लिहा.

लायसेन्सवरच्या पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये आठ काडतुसं भरून ठेवली तर स्प्रिंग मरते का? आणि एक गोळी चेंबरमध्ये ठेवावी का? (लोकमान्यनगर)

दाबून ठेवल्याने चांगली स्प्रिंग लवकर मरत नाही. वारंवार दाबणं-सोडणं आणि गंज तिला जास्त खातात. पण मॅगझीन शंभर वर्षांचं असेल तर स्प्रिंगची खात्री कोण देणार? रिकामंच ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि चेंबरमध्ये कधीच नाही: फायरिंग पिनला अडथळा नसलेलं, आतला घोडा न दिसणारं पिस्तूल फरशीवर पडलं तर काय होईल, याचा अंदाज घेत बसण्यात अर्थ नाही.